खेडे स्वयंपूर्ण होते, आणि बैल?

एकोणिसाव्या शतकातील खेडे स्वयंपूर्ण होते, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. मेटकाफने १८३० साली खेड्यांना ‘छोटी प्रजासत्ताके’ म्हटले ते सांगायचे, मग त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’कडे (१९१५) वळायचे आणि फळ्यावर बलुत्यांची यादी लिहायची. एकदा करमाडहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आणि बैल?”

प्रश्न बिनतोड होता. गाडी गावच्या सुताराने केली, चाकाला धाव लोहाराने चढवली, पण जोडी? घरच्या गाईला गोऱ्हा झाला तरी त्याला उंचीने, शिंगांनी, चालीने जुळणारा दुसरा बैल गावात सापडेलच असे नाही. तो बाजारातच शोधावा लागे. तिथे बलुत्याची ओळख चालत नसे. अनोळखी माणसाच्या जनावराचे दात पाहायचे, आदत की जुळलेला ते ठरवायचे, रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचा. व्यवहार झाल्यावरही विकणारा दावे देत नाही. ते तो घरी परत नेतो. ही रीत आजही आढळते. शेतकऱ्याची सर्वांत मोठी जंगम मालमत्ता अशी परक्याच्या शब्दावर हातोहात जात असे, आणि पुष्कळदा सावकाराच्या पैशावर.

करमाड औरंगाबाद-जालना वाटेवरचे. हा मुलूख निजामाचा. रूळ नव्हते तेव्हा धान्य आणि मीठ वाहिले ते बंजाऱ्यांच्या तांड्यांनी, बैलांच्या पाठीवरून. १८०३ मध्ये असईला लढलेल्या वेलस्लीच्या फौजेचे पोटही याच तांड्यांवर अवलंबून होते. १९०० मध्ये या भागात रेल्वे आली. त्याच सुमारास छप्पन्नच्या दुष्काळाने दख्खनभर दावणी रिकाम्या केल्या. इंग्रजी मुलखातील जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये चराऊ रानांवरील सरकारी बंदीची तक्रार केली, ती बैल हे शेतकऱ्याचे भांडवल आहे हे जाणूनच.

आमच्या ग्रामीण साहित्याने मात्र बैलाला पोळ्याची झूल अधिक घातली. माया खरीच, पण मायेने जोपासलेले जनावर अडीनडीला बाजारात उभे करावे लागे, हेही तितकेच खरे. असो.

यंदा बलुत्यांच्या यादीनंतर आम्ही जनावरांचा बाजार शिकवणार आहोत. अभ्यासक्रमात त्याला गुण नाहीत.