गल्ला रिकामा नसतो

औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावातही आता रोखपालाविना चालणारी दुकाने यायला हवीत, असे मत अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. हे मत मांडणाऱ्याच्या दृष्टीने गल्ल्यावर बसलेला माणूस म्हणजे निव्वळ खोळंबा. तो रांग वाढवतो, बेरजेत चुकतो, सुट्ट्या पैशांऐवजी हातावर चॉकलेट टेकवतो, आणि हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवले की गिऱ्हाइकाने वस्तू उचलावी व चालू लागावे, एवढेच उरते. ज्या तालुक्यात दुधाळा गावाजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहायची आहे, तिथल्या किराणा दुकानात खिळ्याला उधारीची वही लटकावी, याची हे मत मांडणाऱ्याला लाज वाटते. हे मत पहिल्या शब्दापासून चुकलेले आहे, आणि ज्या वेधशाळेची साक्ष ते काढते तीच त्याच्या विरुद्ध जाते.

‘रोखपालाविना’ हा शब्दच आधी तपासला पाहिजे. अशा दुकानांचे गाजलेले उदाहरण म्हणजे २२ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात सर्वांसाठी खुले झालेले ‘अ‍ॅमेझॉन गो’. तिथे दारावर मोबाइलमधील खूण दाखवून आत जायचे. छताला टांगलेले कॅमेरे कोणी काय उचलले ते पाहत, फळीखालचे वजनसंवेदक, म्हणजे भार कमी-जास्त झाल्याचे कळवणारी उपकरणे, त्याला दुजोरा देत, आणि गिऱ्हाईक बाहेर पडले की रक्कम त्याच्या खात्यातून आपोआप वळती होई. परंतु दोन माणसे खेटून उभी राहिली, हाताआड पुडा झाकला गेला किंवा उचललेली बाटली भलत्याच फळीवर परत ठेवली गेली, तर यंत्राला शंका येते आणि ती फेडायला माणूस लागतो. एप्रिल २०२४ मध्ये याच कंपनीने अमेरिकेतील आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढून पडदा बसवलेल्या ढकलगाड्या आणण्याचे ठरवले, तेव्हा असेही वृत्त आले की भारतातील हजाराहून अधिक माणसे या व्यवहारांमागे काम करत होती व २०२२ मध्ये दर हजार खरेद्यांपैकी सुमारे सातशे खरेद्या माणसाला पाहाव्या लागल्या. कंपनीने हे चित्र चुकीचे ठरवले. ही माणसे मुख्यतः यंत्राला शिकवण्यासाठी चित्रांवर खुणा करतात आणि थोड्याच खरेद्या पडताळतात, असे तिचे म्हणणे होते. आकड्याचा वाद बाजूला ठेवला तरी पडद्यामागे माणसे होती, हे कंपनीच्या खुलाशातूनच सिद्ध होते. म्हणजे सिअ‍ॅटलमधला गल्ला रिकामा झाला नव्हता. तो समुद्रापार, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी हलवला गेला होता. समोरच्या माणसाशी हुज्जत घालता येते, त्याला बेरीज पुन्हा करायला लावता येते. दूरवर चित्रफीत पाहणाऱ्याला काहीच विचारता येत नाही, आणि त्यालाही आपण कोणाचा हिशेब लावत आहोत हे कळत नाही.

आता लायगोची साक्ष. गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली गेली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांत. जगाला ती सांगितली गेली ११ फेब्रुवारी २०१६ रोजी. मधले जवळजवळ पाच महिने माणसे ती नोंद तपासत होती, आणि जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्यावर एक हजाराहून अधिक लेखकांची नावे होती. प्रोटॉनच्या रुंदीच्या सहस्रांशापेक्षाही सूक्ष्म हालचाल मोजणारे यंत्र आपल्या तपासनीसांची नावे छापते, आणि बिस्किटाचा पुडा मोजणारे यंत्र ती झाकते. विज्ञानाचा अभिमान मिरवायचाच असेल, तर त्याची ही रीत आधी शिकावी.

यंत्राला नावे ठेवणारा तो प्रगतीचा वैरी, हा आरोप जुनाच आहे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जात्यासाठी कोणी गळा काढला नाही, कारण तिने पहाटेचे कष्ट खरोखर कमी केले आणि गिरणीवाला मात्र डबा पाहून घर ओळखणारा, पीठ जाड पडले तर जाब देणारा माणूस म्हणून समोरच राहिला. आक्षेप यंत्रावर कधीच नव्हता. तो जाब देणारा नाहीसा करण्यावर आहे.

औंढ्याच्या गल्ल्यावर तर पैसे घेण्यापलीकडचे काम चालते. हळद जूनच्या सुमारास लागते, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, मग शिजवून, वाळवून, पॉलिश करून हिंगोली-वसमतच्या बाजारात जाते. तोवर घरात रोकड नसते, पण तेल-मीठ रोज लागते. म्हणून वहीत नावापुढे रक्कम लिहिली जाते आणि फेड ‘हळदीवर’ किंवा ‘सोयाबीनवर’ ठरते. त्या एका शब्दात पाऊस, पीक, भाव आणि त्या घराची पत यांचा अंदाज असतो. सिअ‍ॅटलच्या दुकानात अशी उधारी चालत नव्हती. इथला दुकानदार मान हलवतो आणि साखर जोखतो.

बाकी आक्षेप थोडक्यात सांगता येतात. दहाच्या सुट्या साखरेला आणि पाचाच्या सुट्या चहापत्तीला फळीवरून उचलण्याजोगा पुडा नसतो. वीज गेली की कॅमेरा आंधळा होतो. अनेक घरांत मोबाइल एक आणि खरेदीला जाणारी माणसे चार असतात.

मग करावे काय? यंत्र गल्ल्याच्या अलीकडे, दुकानदाराच्या हाताशी बसावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने ही वाट दाखवलीच आहे. रक्कम जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारी पेटी दुकानदाराला उठवून लावत नाही, त्याचे काम सोपे करते. तसेच संपत आलेला माल, मुदत उलटलेले पुडे आणि वहीतली बेरीज मराठीत बोलून सांगणारे यंत्र जरूर यावे. रोख पैसे नाकारू नयेत. आणि ज्या दुकानात कॅमेरा हिशेब करतो, तिथे त्यामागे माणसे पाहत असतील तर तसे दारावर लिहावे व चूक झाल्यास जाब कोणाला विचारायचा तेही सांगावे. खिळ्याला लटकलेल्या वहीत चूक झाली, तर ती कोणी केली हे दोघांनाही ठाऊक असते, आणि बोट ठेवून ती तिथल्या तिथे दुरुस्त होते. नव्या यंत्राकडून निदान एवढे तरी मागितलेच पाहिजे.