तेलाची मंदी आणि सोयाबीन

२०२२ मध्ये खाद्यतेलाचे भाव उतरले, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी सोयाबीन घरात साठवून तेजीची वाट पाहिली. तेलाची तेजी केव्हा येईल, हे सांगणे कठीण. परंतु ती आली तरी सोयाबीनला तारीलच असे नाही. दाण्यात तेल सुमारे १८ टक्केच. उरलेला बहुतेक भाग पेंडीचा. सप्टेंबर २०२४ मध्ये आयात शुल्क वाढून तेल महागले. तथापि पेंडीस उठाव नसल्याने बहुतेक बाजारांत सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपये या हमीभावाखालीच राहिले.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तेलाबरोबर पेंडीचाही भाव शेतकऱ्यांस सांगावा. शेतकऱ्याने माल नीट वाळवावा, गरजेपुरता विकावा व उरलेला बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवावा. तेजीच्या आशेपेक्षा हिशेबावर विसंबणे श्रेयस्कर होय.