जुने फर्निचर आणि लाखेचे पॉलिश



ओळखीतले एक जोडपे जुनी सागवानी कपाटे, खुर्च्या विकत घेऊन घरीच दुरुस्त करून विकते. उद्योग मला आवडतो. त्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही. पण फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, आणि लाख मिळते किड्यांपासून. फांद्यांवरून ती खरवडताना कितीतरी किडे मरतात. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे ते उगाच नाही. जुन्या सुतारांचा सरसही जनावरांच्या कातड्या-हाडांचाच. त्यापेक्षा जवसाचे तेल चोळावे. वाळायला दिवस जातात, चकाकी कमी येते, भावही थोडा कमी मिळेल. मिळू दे.

आणि हो, पॉलिश पेपर घासायचे काम तीच करते. तिची मजुरी किमतीत धरली का, हे विचारायचे आहे.