तोतया मी?



अमेरिकेत वैद्यकीय प्रशिक्षणाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. ३० जूनला मी फेलो होतो, दुसऱ्या दिवशी असिस्टंट प्रोफेसर. त्याच आठवड्यात रात्री दोन वाजता रेसिडेंटचा फोन आला. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी, रक्तदाब घसरतोय. गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं का? दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती, न दिलं तर रोगी हातचा जाणार. जूनपर्यंत हा प्रश्न मी वरच्यांना विचारत असे. आता वर कुणीच नव्हतं.

औषध द्यायला सांगितलं आणि लगेच एका ज्येष्ठ सहकारी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मीही हेच केलं असतं. आणि गेल्या आठवड्यात मीही असाच एकाला फोन केला होता." वीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाई! रोगी वाचला. पण मला धीर आला तो त्यांच्या त्या दुसऱ्या वाक्याने.

तोतया खोटा असून खरेपणाचा आव आणतो. आमचं उलटं. पदवी खरी, काम खरं, तरी वाटतं की आज ना उद्या पकडले जाणार. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांमधला हा अनुभव मांडला, तेव्हा त्याला 'सिंड्रोम' म्हटलं नव्हतं. ते नाव पुढे रूढ झालं. एकदा रोग ठरवला की औषधही रोग्यानेच घ्यायचं: 'आत्मविश्वास वाढवा!' ज्यांनी शंका पेरली ते मोकळे.

इथे मला माझा एक वर्गमित्र आठवतो. तो राखीव जागेवर आला होता. मेसमध्ये त्याच्यावर 'कोट्यातला डॉक्टर' म्हणून विनोद होत, आणि मीही हसत असे. मला जे काही रात्री सोसावं लागलं, ते आम्ही त्याला साडेचार वर्षं रोज सोसायला लावलं. त्याला सिंड्रोम नव्हता. त्याला आम्ही होतो.

म्हणून आता राउंडवर विद्यार्थ्यांसमोर मी "मला ठाऊक नाही, विचारून सांगतो" असं मोठ्याने म्हणतो. नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी माझा नंबर देतो: रात्री कधीही फोन कर. आपल्यापैकी जे आज वरच्या खुर्च्यांवर आहेत, त्यांनी एवढं तरी करावं. आणि कधी कुणाला हसलो होतो, तेही आठवावं.