दार उघडल्यावर

१६३१ साली पोलंडमधल्या लेश्नो गावी, देशोधडीला लागलेल्या एका चेक धर्मगुरूने लॅटिन शिकवणारं पुस्तक काढलं. शंभर प्रकरणं, हजार वाक्यं, आणि त्या हजार वाक्यांत सुमारे आठ हजार शब्द बसवलेले. पुस्तकाचं नाव होतं ‘भाषांचं उघडलेलं दार’. लेखक यान आमोस कोमेन्स्की. आपल्याकडे डी.एड., बी.एड.च्या वर्गात कोमेनियस नावाने भेटतो तोच हा. १६२० मध्ये प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर बोहेमियाच्या सरदारांचा पराभव झाला, हाब्सबुर्ग राजघराण्याने कॅथलिक न होणाऱ्यांना देशाबाहेर काढलं, आणि हा माणूस उरलेलं आयुष्य परमुलखात शाळांसाठी पुस्तकं लिहीत राहिला.

चेक शिकायला कोणतं अ‍ॅप घेऊ, कोणता ऑनलाइन कोर्स लावू, असं मला अधूनमधून विचारलं जातं. विचारणारे हौशी असतात तसे गरजूही असतात. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे, चाकणलाही त्याच समूहाचा आहे, आणि मूळ घर म्लादा बोलेस्लाव या चेक गावात. शिवाय चेक भाषेतून शिकायची तयारी असेल तर तिथल्या सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांनाही शिक्षणशुल्क पडत नाही, ही गोष्ट हळूहळू आपल्या पालकांच्या कानावर जाऊ लागली आहे. मी उत्तराची सुरुवात कोमेन्स्कीपासून करतो. मोबाइलच्या पडद्यावर आज जे चालतं त्यातलं बरंचसं त्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी कागदावर करून दाखवलं होतं. आणि मोबाइलला जे अजून जमत नाही, त्याचं कारणही या भाषेच्या इतिहासात सापडतं.

१६५८ मध्ये न्यूर्नबर्गला त्याचं ‘चित्रमय जग’ निघालं. सुरुवातीलाच चित्रांची बाराखडी आहे: कावळा ओरडतो त्याचा एक आवाज, कोकरू बेंबटतं त्याचा दुसरा, वारा फुंकतो त्याचा तिसरा, आणि प्रत्येक आवाजापुढे त्याचं अक्षर. मग दीडशे प्रकरणं. पाव भाजण्याच्या पानावर लाकडी ठशाचं चित्र आहे. त्यात कोणी पीठ चाळतोय, कोणी कणीक मळतोय, कोणी लांब दांड्याच्या फावड्याने पाव भट्टीत सारतोय. चाळणीवर आकडा, परातीवर आकडा, भट्टीवर आकडा. खालच्या मजकुरात तोच आकडा त्या त्या शब्दाशेजारी. यातली खुबी बघा. आकडा लागलाय तो वाक्यात बसलेल्या शब्दाला, विभक्ती लागून रूप बदललेल्या शब्दाला. ‘चाळणी’ सुटी येत नाही, ‘चाळणीने’ अशी येते.

आजच्या पुष्कळ अ‍ॅपांत चित्र आहे, आवाज आहे, पण शब्द सुटा आहे. सफरचंदाचं चित्र, खाली शब्द, बोट लावा, पुढे चला. इंग्रजीसारखी भाषा असेल तर एवढ्यावर काही दिवस निभतं. चेकमध्ये नाही निभत. म्हणून अ‍ॅप निवडताना माझी पहिली कसोटी कोमेन्स्कीची: नवा शब्द वाक्यात येतो का? रूप बदलून पुन्हा पुन्हा भेटतो का? सुट्या शब्दांच्या पत्त्यांवर चालणारं अ‍ॅप शब्द पक्के करायला ठेवावं, भाषा त्याच्यावर सोपवू नये.

‘चित्रमय जगा’च्या पहिल्या आवृत्तीत लॅटिन आणि जर्मन होत्या. कोमेन्स्कीची स्वतःची चेक नव्हती, आणि पुढची दीडशे वर्षं चेकच्या वाट्याला असंच मागे राहणं आलं. शहरात, कचेरीत, वरच्या शाळेत जर्मन, आणि खेड्यात, स्वयंपाकघरात, नोकरचाकरांत चेक. विद्यापीठात चेक शिकवायला पहिलं अध्यापकपद निर्माण झालं तेही व्हिएन्नात, १७७५ साली, कारण राज्य चालवणाऱ्यांना रयतेशी बोलण्यापुरती ती हवी होती. योसेफ दोब्रोव्स्की या थोर पंडिताने १८०९ मध्ये चेकचं जे मोठं व्याकरण छापलं ते जर्मनमध्ये लिहिलेलं होतं. योसेफ युंगमानचा पाच खंडांचा कोश १८३९ मध्ये पुरा झाला, तो चेक-जर्मन. ज्यांना आपली भाषा वर आणायची होती त्यांनाही ती आधी शिकून घ्यावी लागली. चेक ही मोठ्या वयात, ठरवून, चुका करत शिकलेल्या माणसांनी तगवलेली भाषा आहे. परक्या शिकणाऱ्याने हे मनाशी धरलं तर त्याला फार बळ मिळतं.

संगीतकार बेद्रिख स्मेताना हे याचं सगळ्यात हृद्य उदाहरण. १८२४ चा जन्म, शिक्षण जर्मनमधून, पत्रं आणि रोजनिशी जर्मनमध्ये. पस्तिशी उलटल्यावर त्याने लिखित चेक मनावर घेतली. १८६० च्या त्याच्या एका चेक पत्रात शुद्धलेखनाच्या आणि व्याकरणाच्या चुकांबद्दल क्षमा मागितलेली आहे. सहा वर्षांनी याच माणसाची ‘विकलेली नवरी’ ही संगीतिका रंगमंचावर आली, आणि चेक लोक तिला आजही आपल्या घरची मानतात. त्याच्या सुरुवातीच्या संगीतिकांत चुका होत्या आणि त्या नेमक्या जर्मन कानाच्या होत्या. चेकमध्ये जोर नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर, मग दीर्घ स्वर कुठेही असो. संगीतात हा जोर चुकला की शब्द परका वाटतो. एलिश्का क्रास्नोहोर्स्का या लेखिकेने १८७१ मध्ये चेक शब्द सुरांत कसे बसवावेत यावर लेख लिहिला, पुढे त्याच्यासाठी संहिता लिहिल्या, आणि स्मेतानाची चेक गाण्यात सरळ झाली. एवढ्या मोठ्या संगीतकाराचा कानही कुणा भाषा जगणाऱ्या माणसानेच दुरुस्त केला.

हे उच्चाराचं प्रकरण शिकाऊ माणसाला हलकं वाटतं, पण तसं ते नाही. चेक स्वरांचं ऱ्हस्व-दीर्घ अर्थ बदलतं. ‘द्राऽहा’ म्हणजे मार्ग, रेल्वेची वाट. ‘द्राहाऽ’ म्हणजे प्रिय किंवा महाग. लिपीत हा फरक अक्षरावरच्या लहानशा रेघेने दाखवतात. अक्षरावर अशा खुणा द्यायची कल्पना १५ व्या शतकाच्या सुरुवातीच्या एका लॅटिन लेखनग्रंथातून आली. तो यान हुस या धर्मसुधारकाचा मानतात. हुसला १४१५ मध्ये कॉन्स्टान्सला जिवंत जाळलं, पण त्या खुणा टिकल्या. काही अ‍ॅपं उत्तर तपासताना त्यांच्याकडे काणाडोळा करतात, शिकणाऱ्याचा हुरूप टिकावा म्हणून. मला ते चुकीचं वाटतं. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच धरणाऱ्या मास्तरांकडे आपण मुलाला मराठीसाठी पाठवू का?

आता मराठी माणसाचं बलस्थान. चेक शिकवणारी जी साधनं माझ्या पाहण्यात आहेत ती इंग्रजीतून शिकवतात, आणि इंग्रजीत जे नाही ते अवघड म्हणून लपवतात. चेकमध्ये तीन लिंगं, मराठीत तीन. चेकमध्ये सात विभक्त्या. शाळेत स-ला-ते घोकलेल्या माणसाला आठांची सवय आहे. प्राग हे चेकमध्ये ‘प्राहा’. प्रागला जायचं तर ‘दो प्राहि’, प्रागमध्ये राहायचं तर ‘फ प्राझे’, प्रागला हाक मारायची तर ‘प्राहो’. ‘ह’चा ‘झ’ कसा झाला, म्हणून इंग्रजी पुस्तक गोंधळतं. आपण मात्र ‘पाऊस’चं ‘पावसात’ आणि ‘घोडा’चं ‘घोड्याला’ विचार न करता करतो. सामान्यरूप आपल्या अंगात मुरलेलं आहे. पुल्लिंगी नामात सजीव-निर्जीव भेद पाळायचा, हा इंग्रजी भाषकाला दुष्ट वाटणारा नियमही आपल्याला ओळखीचा आहे. आपण टेबल पाहतो, पण मुलाला पाहतो. चेकमध्ये ‘विदीम स्तूल’, मी टेबल पाहतो, इथे टेबल जसंच्या तसं राहतं. ‘विदीम क्लुका’, मी मुलाला पाहतो, इथे मुलाचं रूप बदलतं. तो गेला, ती गेली, ते गेलं: ‘शेल, श्ला, श्लो’. दोन्हीकडचे ‘ल’ वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहेत, पण कानाला गाठ लगेच पटते. क्रियापदाचं ‘लिहीत होतो’ आणि ‘लिहून काढलं’ हे अंतर चेक उपसर्गाने दाखवते, ‘प्सात’ आणि ‘नाप्सात’. आणि ज्या ‘ऋ’चा आपण ‘रु’ करून टाकला तो तिथे जिवंत आहे. बोट म्हणजे ‘प्र्स्त’, मरण म्हणजे ‘स्म्र्त’, मध्ये स्वर नाहीच. संस्कृतातला वृक, म्हणजे लांडगा, तिथे ‘व्ल्क’ होऊन फिरतो. ‘र’ आणि ‘झ’ एका दमात म्हणायचा तो प्रसिद्ध वर्ण तेवढा खरोखर घाम काढतो. त्याला आपल्याकडे जोड नाही.

म्हणून मराठी माणसाने नियम सांगणारा कोर्स घ्यावा, सगळी रूपं दाखवणारा. एका अ‍ॅपने मला सलग तीन आठवडे ‘चूक’ एवढंच सांगितलं, का चूक ते एकदाही नाही. मी ते पुसून टाकलं आणि विभक्तीचा तक्ता भिंतीला लावला. ड्युओलिंगोवरचा इंग्रजीतून चेक अभ्यासक्रम स्वयंसेवकांनी उभा केला. स्वयंसेवकांची ती योजना कंपनीने २०२१ मध्ये थांबवली. रोजची सवय लागायला तो बरा. ‘म्लुव्ते चेस्की’, म्हणजे ‘चेक बोला’, या फुकट संकेतस्थळावर धडे आणि व्याकरण एकत्र मिळतं. लीदा होला यांची ‘चेक, पावलापावलाने’ ही पुस्तकमाला तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या हातात सर्रास दिसते. आणि ज्या साधनाची जाहिरात होत नाही पण जे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, ते म्हणजे चेक विज्ञान अकादमीच्या भाषासंस्थेची इंटरनेटवरची मार्गदर्शिका. कोणतंही नाम टाका, त्याची सातही रूपं, एकवचन-अनेकवचनासह, समोर येतात. ही मार्गदर्शिका चेक लोकांसाठी आहे, फुकट आहे, आणि कोणाही परक्याला खुलं आहे.

एक गोष्ट मात्र जवळपास सगळे कोर्स टाळतात. दोब्रोव्स्कीने व्याकरण बांधताना १६ व्या शतकातली ग्रांथिक चेक प्रमाण धरली, बोलणारी तोंडं तेव्हाच पुढे निघून गेली होती. त्यामुळे लिहिण्याची चेक आणि प्राग-बोहेमियाच्या रस्त्यावरची चेक यांत दरी आहे. पुस्तकात चांगला म्हणजे ‘दोब्री’, तोंडात ‘दोब्रेय’. पुस्तकात खिडकी ‘ओक्नो’, तोंडात ‘वोक्नो’. ‘केले’ लिहून ‘केलं’ बोलणाऱ्या आपल्याला यात नवल नाही, पण दोन्ही एकाच भाषेची अंगं आहेत हे कोणीतरी सांगावं लागतं. नाहीतर वर्षभर अभ्यास करून ट्राममध्ये चढलेला मुलगा समजतो की आपल्याला काहीच येत नाही. निवडीच्या आधी धड्यांतला एखादा संवाद ऐका. तो बातम्या दिल्यासारखा असेल, तर शेजारी चेक रेडिओ किंवा चित्रपट लावून घ्या. आणि ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, हे तिथेही वयाने, ओळखीने ठरतं. तू म्हणायचा प्रस्ताव वडीलधाऱ्याकडून यायचा असतो. फक्त ‘तू’ शिकवणारा कोर्स तुम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवशी उघड्यावर टाकतो.

परीक्षा द्यायची असेल तर हिशोब वेगळा. कायम वास्तव्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून चेकची ए-२ पातळी लागते, नागरिकत्वासाठी बी-१. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं. बोलण्याच्या भागात समोर माणूस बसलेला असतो. तिथे जायचं असेल तर आठवड्यातून एकदा तरी पडद्यापलीकडे खरा शिक्षक असणारा कोर्स घ्या, अ‍ॅपवर वाचवलेले पैसे त्यात घाला.

मी प्रागला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत गेलो होतो. अ‍ॅपने मला दोन रोल मागायला शिकवलं होतं: ‘द्व्हा रोहलीकि’. मला पाच हवे होते, म्हणून मी दोनच्या जागी पाच घातले. गल्ल्यामागच्या बाईंनी चिमटा खाली ठेवला, हाताची पाच बोटं उघडली आणि सावकाश म्हणाल्या, ‘प्येत रोहलीकू’. पाचपासून पुढे नाम षष्ठीच्या अनेकवचनात जातं, हा नियम मी नंतर तक्त्यात शोधून काढला. तेव्हा मी फक्त त्यांच्यामागून म्हटलं, ‘प्येत रोहलीकू’, आणि त्यांनी पिशवीत एकेक मोजून घातला.