आकाशपाळण्याचा आलेख



परवा शेजारची अकरावीतली मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. वहीत तिनं साइनचा आलेख काढला होता. 0, 90, 180, 270 आणि 360 अंशांचे बिंदू अगदी बरोबर होते. पण ते जोडले होते पट्टीनं! करवतीच्या दात्यांसारखा आलेख आणि त्यावर लाल फुली. "सर, बिंदू बरोबर आहेत, मग चुकलं काय?"

मी पडलो चौथीचा मास्तर. मी विचारलं, "जत्रेत आकाशपाळण्यात बसली आहेस ना? अगदी वर गेल्यावर पाळणा खाडकन वळून खाली येतो?"

"छे! वर तो जरा रेंगाळतो."

"मग तुझ्या आलेखात का नाही रेंगाळत?"

चला, तो पाळणा आपणही कागदावर आणू. आलेख कागद आडवा धरा. डावीकडे 5 सें.मी. त्रिज्येचं वर्तुळ काढा. मध्यातून आडवी रेघ काढून ती उजवीकडे लांब न्या. वर्तुळाबाहेर तिच्यावर 0 लिहा आणि पुढे दर सेंटिमीटरला 30, 60, 90 असं 360 पर्यंत लिहीत जा. आता वर्तुळाच्या उजव्या टोकापासून, घड्याळाच्या उलट दिशेनं, कोनमापकानं दर 30 अंशांवर खूण करा. झाले 12 पाळणे!

प्रत्येक पाळणा आडव्या रेघेच्या किती वर आहे ते मोजा. त्या कोनासमोर तेवढ्याच उंचीवर बिंदू द्या. पाळणा रेघेखाली असेल तर बिंदूही खाली.

30 अंशांवर उंची येईल 2.5 सें.मी., 60 वर साधारण 4.3 आणि 90 वर 5. म्हणजे पहिल्या 30 अंशांत पाळणा 2.5 सें.मी. चढला, पुढच्या 30 अंशांत 1.8 आणि शेवटच्या 30 अंशांत फक्त 0.7! रेंगाळणं म्हणतात ते हेच. म्हणून माथा टोकदार नाही, गोलसर येतो. पट्टी दप्तरात टाका आणि बिंदू हातानंच, न थांबता जोडा. छान लाट दिसेल.

उंचीला त्रिज्येनं भागलं की मिळतो साइन. 2.5 भागिले 5, म्हणजे 0.5. हा झाला 30 अंशांचा साइन. आणि उंची त्रिज्येपेक्षा जास्त होऊच शकत नाही, म्हणून साइन कधी 1 च्या वर जात नाही.

ही चढण आर्यभटानं सुमारे इ. स. 499 मध्ये 'आर्यभटीय' ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. साइनला आपल्याकडे ज्या म्हणत. त्यानं 0 ते 90 अंशांचे 24 सारखे भाग केले आणि दर भागात ज्या कितीनं वाढते ते दिलं. पहिली वाढ 225, शेवटची फक्त 7!

आता तुमचं काम. त्याच 12 पाळण्यांची मधल्या उभ्या रेघेपासूनची अंतरं मोजा. उजवीकडची वर मांडा, डावीकडची खाली. हा कोसाइनचा आलेख. तो पातळ कागदावर गिरवून साइनच्या लाटेवर सरकवून पाहा. नेमका बसतो का? किती अंश सरकवावा लागला?

ती मुलगी नवा आलेख घेऊन हसत घरी गेली. पट्टी मात्र माझ्याकडेच विसरली!