मुक्या जनावरांचे देणे

मृगाचा पाऊस होऊन पेरण्या सुरू झाल्या की परभणी जिल्ह्यात सर्पदंशाच्या वार्ता कानी येऊ लागतात. कापसाच्या आणि तुरीच्या रानात खुरपणीला गेलेल्या बाया, वीज रात्री येते म्हणून अंधारात विहिरीवरील मोटार चालू करावयास निघालेला शेतकरी, जमिनीवर अंथरूण टाकून निजलेली मुले, अशीच माणसे बहुधा या दंशाला बळी पडतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे, म्हणजे वर्षाकाठी सरासरी अठ्ठावन्न हजार, मृत्यू पावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण होती, हे सांगावयास नकोच.

या मृत्यूवर उपाय एकच. खेड्यात त्याला ‘सापाचे इंजेक्शन’ म्हणतात. ते येते कोठून, याचा विचार दंश झालेल्याचे नातेवाईक करीत नाहीत आणि त्या घटकेला त्यांनी तो करावा अशी अपेक्षाही कोणी करू नये. परंतु समाज म्हणून आपण तो केव्हातरी केला पाहिजे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींचे विष अल्प प्रमाणात, वाढत्या मात्रेने घोड्याला टोचले जाते. त्याच्या रक्तात प्रतिविष निर्माण झाले की ते रक्त काढून त्यातील उपयुक्त द्रव वेगळा करतात. तयार झालेला माल किती प्रभावी आहे हे ठरविण्यासाठी उंदरांना विष देऊन कोणत्या मात्रेने किती उंदीर वाचतात हे मोजावे लागते. म्हणजे गंगाखेडच्या किंवा जिंतूरच्या एखाद्या शेतमजुराचा प्राण वाचतो तेव्हा एका घोड्याचे रक्त आणि कित्येक उंदरांचे प्राण त्यामागे खर्ची पडलेले असतात.

प्राण्यांवरील प्रयोगांच्या नीतीचा प्रश्न चर्चेला घेतला की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, माणसाच्या हितापुढे जनावराचे दुःख नगण्य आहे. दुसरा म्हणतो, हे प्रयोग पाप आहेत, ते सर्वस्वी बंद करा. प्रस्तुत लेखकाला दोन्ही भूमिका सोयीच्या वाटतात. पहिलीत हिशेबच मांडावा लागत नाही आणि दुसरीत तो मांडून झाल्यावर येणारी रक्कम कोणी भरावयाची हे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे प्रथम पाहू. मुंबईत १८९६ साली प्लेगने थैमान घातले तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी काही महिन्यांतच प्रतिबंधक लस सिद्ध केली. ती त्यांनी आधी सशांवर अजमावली, १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली. या क्रमात एक मोठा नैतिक धडा आहे. नव्या औषधाचा पहिला धोका कोणीतरी पत्करावाच लागतो. सशाला वगळले तर तो धोका माणसाकडे येतो. आणि प्रत्येक शास्त्रज्ञ हाफकिन नसतो. मग तो कैद्याकडे, गरिबाकडे, निरक्षराकडे सरकतो. नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे जी तत्त्वे घालून देण्यात आली, त्यांत मानवावरील प्रयोग प्राण्यांवरील प्रयोगांच्या निष्कर्षांवर आधारलेला असावा हे एक तत्त्व आहे, ते उगाच नव्हे. आपल्या देशातही २००९-१० साली खम्मम जिल्ह्यातील मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात नोंदविले. ज्या समाजात संमती इतकी स्वस्त आहे, तेथे प्राण्यांवरील चाचणी सरसकट रद्द करण्याची मागणी कोणाच्या अंगावर येईल, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला निराळे शिकवावे लागत नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण कोरोनाचे. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला लसीच्या चाचणीसाठी माकडे हवी होती. टाळेबंदीमुळे ती दाट जंगलात पांगली होती. वनविभागाच्या मदतीने शोध घेता घेता ती अखेर नागपूरकडे मिळाली. वीस माकडांवर चाचणी झाली आणि पुढे ती लस कोट्यवधी लोकांनी घेतली. आपल्यापैकी अनेकांच्या दंडावर त्या वीस माकडांचे ऋण आहे. ते नाकारणे हा कृतघ्नपणा होईल.

तथापि एवढ्याने पहिल्या पक्षाचा विजय झाला असे समजण्याचे कारण नाही. ‘गरज’ हा शब्द फार लवचिक आहे. ज्या वस्तूची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागत नाही, ती वस्तू गरजेपेक्षा अधिक वापरली जाते, हा आमच्या शास्त्रातील प्राथमिक सिद्धान्त. प्रयोगशाळेच्या जमाखर्चात उंदराच्या खाद्याचा आणि पिंजऱ्याचा खर्च लिहिला जातो. त्याच्या वेदनेचा रकाना त्यात नसतो. ज्या उपयुक्ततावादातून आमचे लाभ-व्ययाचे गणित जन्मले, त्याचे प्रवर्तक जेरेमी बेंथम यांनी १७८९ सालीच बजावले होते की प्राण्याला बुद्धी आहे की नाही हा येथे प्रश्नच नसून त्याला दुःख होते की नाही हा प्रश्न आहे. आम्ही बेंथमचे गणित घेतले, हा रकाना मात्र सोडून दिला.

तो रकाना रिकामा राहिला की काय होते, याचे दाखले हवे तितके आहेत. आपल्या देशातून हजारोंच्या संख्येने लाल तोंडाची माकडे परदेशी पाठविली जात. ती पोलिओसारख्या रोगावरील लशीच्या कामी येतात म्हणून हा व्यापार क्षम्य मानला गेला. ती लष्करी स्वरूपाच्या किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली जात असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा १९७८ साली मोरारजी देसाई यांच्या शासनाने ही निर्यात बंद केली. रोगनिवारणाच्या नावाने मागितलेले प्राणी शस्त्रासाठी गेले. सौंदर्यप्रसाधनांसाठी सशांच्या डोळ्यांत रसायने घालण्याची प्रथा आपण २०१४ साली कायद्याने थांबविली. त्यामुळे कोणाचे सौंदर्य उणावल्याचे ऐकिवात नाही. प्राणिशास्त्राच्या वर्गांत बेडूक चिरण्याची पद्धतही अशीच दीर्घकाळ ‘आवश्यक’ होती. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी जी गोष्ट आधीच सिद्ध होती तीच पुनःपुन्हा चिरून पाहिली आणि त्यांतील बहुतेक पुढे बँकेत किंवा शाळेत नोकरीला लागले. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती प्रथा बंद करण्याचे पाऊल उचलले, ते योग्यच झाले.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. आपण मटण खातो, कोंबड्या खातो. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लूची लागण आढळल्यावर परिसरातील कोंबड्या मारून पुरल्या. मग प्रयोगशाळेतील उंदरांचेच एवढे कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. परंतु एका ठिकाणचा अविचार दुसऱ्या ठिकाणच्या अविचाराचे समर्थन होऊ शकत नाही. शिवाय प्रयोगशाळा ही ज्ञानाची जागा आहे. तेथील प्रत्येक कृती लिहून, कारण देऊन करावयाची असते. जेथे कारण देण्याची शिस्त आहे, तेथेच कारण मागण्याचा अधिकारही अधिक आहे.

तेव्हा कसोटी कोणती? १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन मार्ग सुचविले: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, वापरावेच लागले तर संख्या कमी करा आणि वेदना सौम्य करा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या आपल्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातही हीच दृष्टी आहे. ग्रंथ, प्रतिकृती वा चित्रपट यांनी काम भागत असेल तर प्रयोग टाळावा, केवळ हाताचे कसब यावे म्हणून प्रयोग करू नये, असे तो सांगतो. मात्र याच कायद्याने प्रयोगांसंबंधीच्या अटी मोडणाऱ्यास दंड ठेवला तो जास्तीत जास्त दोनशे रुपये. २०२२ साली केंद्र शासनाने दुरुस्तीचा मसुदा पुढे मांडला तेव्हाही तो तेवढाच होता. बासष्ट वर्षांत रुपयाचे मोल किती घसरले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या दंडाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

या तीन मार्गांना मी चौथी कसोटी जोडू इच्छितो आणि ती या लेखाचा खरा विषय आहे. प्राण्याचे दुःख ज्या प्रयोजनासाठी क्षम्य मानले, ते प्रयोजन प्रत्यक्षात सिद्धीस गेले पाहिजे. घोड्याच्या रक्तापासून केलेली कुपी खेड्यातील रुग्णाला वेळेत मिळाली तरच त्या घोड्याच्या क्लेशाला अर्थ आहे. ती जिल्ह्याच्या भांडारात मुदत संपून फेकली गेली, अथवा ‘साठा नाही, परभणीला न्या’ असे सांगून रुग्णाला चाळीस-पन्नास किलोमीटर पिटाळले गेले आणि तो वाटेतच दगावला, तर माणूस मेला तो मेलाच, शिवाय त्या मुक्या प्राण्याला आपण विनाकारण छळले असे होते. प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील सापांचे असते आणि प्रदेशागणिक सापाच्या विषात फरक पडतो. त्यामुळे जेथे औषध कमी गुणकारी ठरते तेथे अधिक कुप्या लागतात. म्हणजेच अधिक घोडे आणि अधिक उंदीर. आरोग्यव्यवस्थेची ढिलाई ही अशा रीतीने प्राण्यांवरील क्रौर्यातही भर घालते. प्राणिदया आणि गरिबाचे आरोग्य या गोष्टी परस्परविरोधी मानण्याची आपल्याला सवय लागली आहे, ती येथे पार खोटी ठरते.

पर्याय शोधले जात आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह नाग-मण्यार यांच्या विषातील एका प्रमुख घटकावर घोड्याविना, प्रयोगशाळेत प्रतिपिंड तयार केल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेही अजमावले गेले ते उंदरांवरच. या प्रश्नाची सुटका एका दिवसात व्हावयाची नाही, हे यावरून दिसावे. पण असे संशोधन जितके लवकर फळेल तितके घोडे तबेल्यातून मोकळे होतील आणि म्हणून त्यावर होणारा सार्वजनिक खर्च हा दयेचाही खर्च आहे.

तोवर तीन गोष्टी करता येतील. प्रत्येक संस्थेने वर्षभरात किती आणि कोणते प्राणी, कशासाठी वापरले याचा आकडा जाहीर करावा. ब्रिटनमध्ये तो दरवर्षी प्रसिद्ध होतो. संस्थांच्या नैतिक समित्यांवर शास्त्राबाहेरचा जो एक सदस्य असतो, त्याने केवळ सहीपुरते उपस्थित राहू नये. आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पेरणीपूर्वी प्रतिविषाचा पुरेसा साठा व ते देऊ शकणारा डॉक्टर आहे की नाही, हे जिल्हा परिषदेने दर मे महिन्यात तपासावे. तिसरी सूचना प्राणिदयेच्या यादीत वाचून कोणी चकित होईल. पण माझ्या मते तीच सर्वांत तातडीची आहे.

पोळ्याच्या दिवशी आपण बैलाच्या पायावर पाणी घालतो ते वर्षभर त्याच्याकडून घेतलेल्या कष्टांची कबुली म्हणून. प्रयोगशाळेतल्या घोड्याला आणि उंदराला असा सण नाही. त्यांच्याकडून घेतलेले वाया जाऊ न देणे, एवढे तरी देणे आपण फेडू शकतो.